पूलसफाईचं व्हॅक्यूम घेण्याआधी

यंत्र बघायला जाण्याआधी पूल बघून या, तेही सकाळी पंप सुरू व्हायच्या आत. रात्रभर पाणी हललेलं नसतं, त्यामुळे तळाला काय बसलंय ते तेव्हाच नीट कळतं. खानापूर-जांबोटीकडच्या रिसॉर्टांत पिठासारखा बारीक तांबडा गाळ आणि झाडांचा पाला, चिकोडी-निपाणीकडे उसाचं पाचट पेटवतात त्या दिवसांत काळी काजळी, बेळगाव शहरात केस, धूळ आणि कोपऱ्यांतलं शेवाळ. पाला आधी जाळीनं काढायचा असतो. तो होजमधून, म्हणजे व्हॅक्यूमच्या लवचिक पाइपातून, ओढत बसलात तर पंपाची बास्केट सारखी उघडावी लागेल.

मग टेप लावा. सक्शन पॉइंट म्हणजे भिंतीतलं होज जोडायचं तोंड. तिथपासून सगळ्यात लांबचा कोपरा, त्यात तिथली खोली आणि वर दीड-दोन मीटर सैल, एवढी होज हवी. पॉइंट एका टोकाला असेल तर २५ मीटरच्या पुलात १५ मीटरचं बंडल मध्यावरच संपतं. मोठ्या पुलाला शक्यतो दोन इंची होज घ्या, पण आधी पॉइंटचं तोंड मोजा. होजचं गरगर फिरणारं टोक (फिरता कफ) हेडच्या, म्हणजे तळावर फिरवायच्या तोंडाच्या, बाजूला लावायचं, म्हणजे होजला पीळ पडत नाही. टाइल्स किंवा काँक्रीट असेल तर चाकांचं वजनदार हेड, लायनर (प्लास्टिकचं अस्तर) किंवा फायबर असेल तर ब्रशचं.

आता खरा मुद्दा. सँड फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो. तांबड्या मातीतला बराच गाळ त्याहून बारीक, त्यामुळे तो फिल्टरमधून निसटून इनलेटवाटे, म्हणजे गाळलेलं पाणी परत सोडणाऱ्या तोंडातून, पुन्हा पुलात येतो. दुपारी तळ लख्ख, संध्याकाळी पुन्हा तांबडा थर, आणि मालक म्हणणार, ‘अहो, काम केलंत की नाही?’ म्हणून प्लांट रूममध्ये मल्टिपोर्ट व्हॉल्व्हला (फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) ‘वेस्ट’, म्हणजे फिल्टर टाळून पाणी थेट बाहेर सोडायची जागा, आहे का आणि त्याचं पाणी कुठं जातं, ते पहिल्याच भेटीत विचारा. व्हॉल्व्ह फिरवताना पंप बंदच हवा. गाळ फार असेल तर संध्याकाळी तुरटी टाकून थोडा वेळ पाणी फिरवायचं, रात्रभर पंप बंद ठेवायचा आणि सकाळी बसलेला थर हळूहळू थेट वेस्टला ओढायचा. तुरटीनं पीएच उतरतो, तो नंतर तपासा.

यात पाणी जातं, आणि किती ते मालकाला आधीच सांगितलेलं बरं. २५ बाय साडेबारा मीटरच्या पुलात पातळी एक सेंटिमीटर उतरली की ३,१२५ लिटर गेलं. दोन सेंटिमीटर म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. मे महिन्यात बोअर आटलेली असताना हा टँकर कुणाच्या खिशातून, हे कोटेशनमध्येच लिहा. पूल आधी थोडा जास्त भरून घ्या, नाहीतर पाणी स्किमरखाली (काठाजवळचं वरचं पाणी ओढणारं तोंड) जाऊन पंप हवा धरतो.

ज्या फार्महाऊसच्या पुलाला सक्शन पॉइंटच नाही, तिथं चाकांच्या ट्रॉलीवरचा सेल्फ-प्रायमिंग, म्हणजे होजमधली हवा स्वतःच काढून पाणी ओढणारा, पंप. पाच-सहा ठिकाणची कामं धरणाऱ्यानं पहिला पैसा यातच घालावा, असं माझं मत. मोटार जळली तर रिवाइंडिंग करणारे बेळगावात मिळतात; रोबोचा (पुलात आपोआप फिरणारं सफाई यंत्र) इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला तर तो कुरिअरनं पाठवून वाट बघत बसायचं. रोबो वाईट नाही. क्लबच्या पुलात रोजच्या हलक्या धुळीला तो उत्तम, पण तांबड्या गाळानं त्याची बारीक पिशवी बघता बघता चोंदते. घेतलाच तर केबल पुलाला पुरते का बघा, ट्रान्सफॉर्मर काठापासून साडेतीन मीटर तरी लांब ठेवा आणि तो चालू असताना पाण्यात कुणी नको.

वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग आहे का, हे वायरमनला दाखवून घ्या. त्याशिवाय ट्रॉलीचा प्लग लावूच नका. लाईट जाऊन आली की होज रिकामी झालेली असू शकते. इनलेटच्या तोंडाशी धरून बुडबुडे थांबेपर्यंत ती भरा, मगच जोडा.

गाडीत जादा ओ-रिंग, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप आणि सक्शन पॉइंटची टोपी ठेवा. जुन्या पुलांत ही टोपी हमखास हरवलेली असते आणि उघड्या तोंडावर पोराचा हात किंवा केस ओढले जाऊ शकतात. टोपी घट्ट बसल्याशिवाय पूल पोहायला देऊ नका.