‘एकदा सगळं बघून घ्या’ म्हणू नका: मुंबईत मेकॅनिक निवडताना या चुका टाळा

घोडबंदर रोडवरून रोज गाडी नेणाऱ्याला पुढच्या चाकातली खडखड काही नवीन नाही. माझ्या हॅचबॅकमधून ती यायला लागली तेव्हा मी ऑफिसच्या वाटेवरच्या एका गॅरेजात शिरलो आणि दार उघडता उघडताच म्हणालो, “शॉकअप गेलेत बहुतेक. एकदा सगळं बघून घ्या.” संध्याकाळी पुढचे दोन्ही शॉकअप नवे आणि बिल साडेआठ हजार. घरी जाताना पहिल्याच खड्ड्यात तीच खडखड.

मग कुणीतरी मुलुंडच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितलं, पोऱ्याला बॉनेटवर जोर देऊन गाडी वरखाली हलवायला लावली आणि माझा हात धरून चाकामागच्या एका बारक्या दांडीवर ठेवला. “लागतंय का काही?” टकटक थेट बोटांना जाणवत होती. ती स्टॅबिलायझरची लिंक रॉड. दोन्ही बाजूंच्या बदलल्या, मजुरी धरून सोळाशे रुपये.

पहिल्या गॅरेजवाल्यानं मला लुबाडलं असं मी बरेच दिवस सांगत फिरलो. पण खरं तर निदान मीच करून नेलं होतं, त्यानं फक्त पार्ट विकला.

औषध सांगू नका, दुखणं सांगा

आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? ब्रेक दाबल्यावर की स्पीडब्रेकर तिरका घेतल्यावर? फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा, कारण गॅरेजात गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. मेकॅनिकला शेजारी बसवून, किंवा त्याच्याच हाती स्टिअरिंग देऊन, एक चक्कर मारा. जो चक्कर मारायला कंटाळतो तो अंदाजानं पार्ट बदलणार, आणि त्या अंदाजाचे पैसे आपण देणार.

‘सगळं बघून घ्या’ हे तर कोऱ्या चेकवर सही करण्यासारखं आहे. त्याऐवजी कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर काम लिहून द्या आणि स्पष्ट सांगा की यापलीकडे काही निघालं तर आधी फोटो आणि खर्च पाठवा, माझं ‘हो’ आल्याशिवाय हात लावू नका. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. उलट त्याचीही नंतरची कटकट वाचते.

तहान लागल्यावर विहीर खणू नका

सायन सर्कलला गाडी बंद पडल्यावर जो पहिला माणूस पान्हा घेऊन येतो, तो तुमचा मेकॅनिक होतो. मुंबईत बहुतेकांची सोयरीक अशीच जुळते. त्यापेक्षा गाडी धडधाकट असताना एक छोटं काम द्या. ऑइल बदलणं हे परीक्षेसाठी उत्तम, कारण ते अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि तिथेच उभं राहून बघता येतं.

काय बघायचं? मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचाच डबा तुमच्यासमोर सील तोडून उघडला जातो का. ड्रेन नटाला नवा वॉशर लागतो का, की जुनाच पुसून बसवतात. ऑइल भरल्यावर इंजिन चालू-बंद करून, थोडं थांबून डिपस्टिक बघतात का. छोट्या पेट्रोल हॅचबॅकला साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागतं. बिलात चार लिटर असतील तर उरलेलं अर्धा-एक लिटर डब्यासकट मागून घ्या. मागितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

विचारायचं कुणाला? सोसायटीच्या वॉचमनला नको, त्याचं बहुतेकदा कमिशन असतं. टुरिस्ट टॅक्सी चालवणाऱ्यांना विचारा. गाडी एक दिवस उभी राहिली की त्यांची कमाई बुडते, त्यामुळे कुणाचं काम टिकतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ऑनलाइन रिव्ह्यू वाचायचे तर पाच स्टारवाले सोडा, ते गाडी ताब्यात मिळाल्याच्या आनंदात लिहिलेले असतात. ‘सहा महिन्यांनी पुन्हा तोच त्रास’ असं लिहिणारा माणूस शोधा.

एकाच माणसाकडून सगळी कामं

इंजिनवाला, इलेक्ट्रिशियन, एसीवाला आणि डेंटिंग-पेंटिंगवाला ही चार वेगळी माणसं असतात. मुलुंडच्या मिस्त्रींकडे मी एसीची तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं, पाइपला हात लावला आणि बॉनेट बंद केलं. “हे माझं नाही. भांडुपला जा, माझं नाव सांगा.” पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून इंजिनसाठी मी दुसरीकडे कुठे गेलेलो नाही.

एसीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘गॅस संपलाय, भरून देतो’ हे शहरातलं सगळ्यात लोकप्रिय वाक्य असावं. एसीचं सर्किट बंद असतं. काही वर्षांत थोडा गॅस झिरपतो, पण दर एप्रिलमध्ये भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. आधी नायट्रोजनचं प्रेशर देऊन किंवा डाय (गळती दाखवणारा रंग) घालून ती शोधायला सांगा. नाहीतर तुम्ही दरवर्षी हवेत पैसे सोडताय, अक्षरशः.

बॅटरीचंही तसंच. सकाळी गाडी सुरू होत नाही म्हणून लोक नवी बॅटरी टाकतात आणि महिन्याभरात तीही बसते. दोन-चारशेचा मल्टिमीटर घरी असू द्या. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.8 ते 14.5 च्या दरम्यान दिसायला हवेत. चालू इंजिनलाही आकडा वर जात नसेल तर दोष अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, बाजूला शोधायचा.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणजे डोळे मिटून

वॉरंटी आहे तोवर तिथेच जा, त्यात वाद नाही. पण समोर टॅब घेऊन बसलेला ॲडव्हायझर मेकॅनिक नसतो, आणि त्याला अनेकदा टार्गेट असतं. इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशी यादी आली की मॅन्युअलमधलं शेड्यूलचं पान उघडा. त्यात नसेल ते काम का करायचं, हे त्याला विचारा.

बिल न वाचता पैसे देणं

पार्टच्या खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरून असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच बोट ठेवा. मजुरीवर कर वेगळा लागतो, ते बरोबर आहे. पण ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही त्याला तोही लावता येत नाही.

‘लोकल’ पार्ट म्हणजे डुप्लिकेटच असंही समजू नका. गाडी बनवणाऱ्या कंपनीला माल पुरवणारे कारखाने बऱ्याचदा तोच पार्ट स्वतःच्या खोक्यात स्वस्त विकतात. कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याची नाना पेठ इथे पार्ट नंबर दाखवून भाव काढता येतो. ब्रेक पॅड आणि स्टिअरिंगच्या भागांत मात्र पैसे वाचवायला जाऊ नका. आणि जुने पार्ट डिकीत टाकून मागा, नव्याच्या रिकाम्या खोक्यासकट.

पाण्यात बंद पडलेली गाडी ‘एकदा स्टार्टर मारून बघणं’

पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला किंवा मिलन सबवेत इंजिनानं पाणी ओढलं की ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही. पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांचं काम तिथे लाखाच्या घरात जातं, आणि विम्यात इंजिन प्रोटेक्टचं ॲडऑन (जादा पैसे भरून घेतलेलं इंजिनाचं संरक्षण) नसेल तर विमावाले सहसा हात वर करतात. चावीला हात लावू नका, ‘धक्का मारतो, सुरू होईल’ म्हणणाऱ्याला लांब ठेवा, गाडी टो करूनच गॅरेजात न्या.

काम बिघडलंच तर आधी लेखी तक्रार गॅरेजला द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. तिथे बिल, व्हॉट्सॲपवरचं ते ‘हो’ आणि डिकीतले जुने पार्ट घेऊन जा.