मालिकेच्या भागावर चर्चा करताना: दाखवलं काय, वाटलं काय, ऐकलं काय

रोजच्या मालिकेवरची चर्चा बहुतेक वेळा एकाच कारणाने बिघडते. पडद्यावर जे दाखवलं ते, ते पाहून आपल्याला जे वाटलं ते आणि प्रोमोतून किंवा सेटवरच्या बातमीतून जे कानावर आलं ते, हे सगळं एकाच वाक्यात कालवलं जातं. कुणीतरी लिहितं, "मीराला सगळं कळलंय." दुसरा विचारतो, "कधी कळलं?" पुढचे पन्नास प्रतिसाद त्यातच जातात. खालची पद्धत या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्यासाठी आहे. व्हॉट्सॲपचा गट असो की टेलिग्राम, फेसबुक वा डिस्कॉर्ड, ती सगळीकडे चालते.

भागाचा सारांश

शीर्षकात तीनच गोष्टी हव्यात: मालिकेचं नाव, भाग क्रमांक आणि प्रसारणाची तारीख. क्रमांक आणि तारीख दोन्ही लिहा. एक तासाचा महाएपिसोड ॲपवर कधी एक भाग म्हणून चढतो, कधी दोन म्हणून. त्यानंतर तुमचा आकडा आणि ॲपचा आकडा एकाने पुढेमागे होतो आणि सहा महिन्यांनी जुना प्रसंग शोधायला गेलं की सापडत नाही. अशा वेळी तारीखच उपयोगी पडते. घटना शीर्षकात कधीही लिहू नका. "अखेर सत्य बाहेर!" असं शीर्षक दिलंत, तर ज्याने अजून भाग पाहिलेला नाही त्याची मजा तुम्ही तिथेच घालवलीत.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २० ते २२ मिनिटं उरतात. त्यातही सुरुवातीचं "मागील भागात" आणि शेवटचं "पुढील भागात" असतं. म्हणजे नवा मजकूर पाच ते आठ प्रसंगांचा. प्रत्येक प्रसंगाला दोन वाक्यं दिली की १५० ते २०० शब्दांत सारांश होतो. ३०० च्या वर गेलात तर तुम्ही संवाद उतरवून काढताय असं समजा. कुठे, कोण, काय केलं आणि प्रसंग कोणाच्या चेहऱ्यावर तुटला, एवढं पुरे. शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात. पण पुढची गोष्ट कोणाच्या बाजूने सरकणार, याचा इशारा बहुधा तिथेच असतो.

एक नमुना पाहू. समजा, भाग असा आहे: सासूबाई मीराला कपाटाची किल्ली देतात, मीरा कपाट उघडते, खालच्या कप्प्यात पाकीट दिसतं. लगेच दृश्य बदलतं आणि मीरा ते पाकीट पदराआड धरून जिना उतरताना दिसते. याचा सारांश बहुतेक जण असा लिहितील: "मीराला पत्र सापडलं, तिने ते वाचलं." इथे दोन चुका आहेत. आत पत्र आहे हे दाखवलेलंच नाही, फक्त पाकीट दाखवलं. तिने ते उघडलं हेही दाखवलेलं नाही. नेमकं असं लिहा: "९:१० ला मीराला कपाटात बंद पाकीट दिसतं. ते उघडताना दाखवलेलं नाही. ९:४० ला पाकीट तिच्या हातात आहे, तोंड चिकटवलेलंच दिसतं." आता चर्चेला खरा मुद्दा मिळतो: वाचलं नसेल तर लपवतेय का? लेखकाने जाणूनबुजून मोकळी सोडलेली जागा सारांश लिहिणाऱ्याने भरून टाकली, की चर्चेला काही उरतच नाही.

वेळ नोंदवायची ती ॲपवरच्या भागाची, म्हणजे ९:१० हे नऊ मिनिटं दहा सेकंद. टीव्हीवर जाहिराती मध्ये आल्याने घड्याळ जुळत नाही. टीव्हीवर पाहून लिहीत असाल तर "दुसऱ्या ब्रेकनंतरचा पहिला प्रसंग" असं लिहा.

स्वप्न, कल्पना आणि आठवण यांना प्रसंगाच्या आधीच खूण करा. प्रसंग खरा होता की स्वप्न हे दुसऱ्या दिवशी कळलं, तर जुनी नोंद पुसू नका. तिच्यावर रेघ ओढा आणि खाली दुरुस्तीचा भाग क्रमांक लिहा. 'डॅलस' या अमेरिकन मालिकेत १९८५ मध्ये मेलेला बॉबी १९८६ मध्ये शॉवरखाली जिवंत उभा दिसला आणि मधला अख्खा सीझन पॅम नावाच्या पात्राचं स्वप्न ठरला. असं काही झालं की पुसलेल्या नोंदींचा फार पश्चात्ताप होतो.

कोणाला काय माहीत

ज्या गटाला चर्चा टिकवायची आहे त्याने आणखी काही केलं नाही तरी ही एक वही जरूर ठेवावी. रोजची मालिका घटनांवर कमी आणि गुपितांवर जास्त चालते. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही, यावरच तिचा आठवडा उभा असतो.

साधं स्प्रेडशीट उघडा. चार रकाने करा: गुपित, पात्र, भाग क्रमांक आणि कसं कळलं. चौथ्या रकान्यात पाचच शब्द चालतील असं ठरवून टाका: सांगितलं, ऐकलं, पाहिलं, वाचलं, संशय. सगळ्यात जास्त वाद "ऐकलं" यावर होतात, कारण दाराआडून ऐकणाऱ्या पात्राने बोलणं नेमकं कुठून कुठपर्यंत ऐकलं हे दिग्दर्शक मुद्दाम धूसर ठेवतो. म्हणून अशा नोंदीखाली ऐकलेले शब्दच उतरवा. पात्र दाराशी आल्याचं दिसल्यापासून ते निघेपर्यंत आतली माणसं जे बोलली तेवढंच त्याला माहीत. त्याआधीचं बोलणं आपण प्रेक्षकांनी ऐकलं, त्याने नाही. "संशय" आणि "सांगितलं" यांची गल्लत ही दुसरी नेहमीची चूक. संशय असलेलं पात्र पुढे धक्का बसल्यासारखं वागलं तर ती लेखनातली चूक नाही. पण सांगितलेलं पात्र तसं वागलं तर आहे. या वहीमुळे तक्रार करतानाही तुम्ही भाग क्रमांक देऊन बोलू शकता.

गुपितं दहापेक्षा जास्त झाली की जी सगळ्यांना कळली ती वेगळ्या पानावर हलवा.

कथेतला काळ वेगळा मोजा. लग्नाचा एक दिवस पडद्यावर दोन आठवडे चालतो, पण सणाचा भाग मात्र खऱ्या तारखेला येतो. त्यामुळे "कालच तर तो घरातून निघून गेला होता" आणि "तीन आठवडे झाले" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. लीप, म्हणजे कथेत काही वर्षांची उडी, आला की नवं पान घ्या आणि प्रत्येक पात्राचं लीपनंतरचं वय लिहा, तेही संवादात सांगितलं असेल तरच. लहान मूल मधल्या मधे भराभर मोठं होणं ही जगभरच्या मालिकांची जुनी सवय आहे, इंग्रजी चाहत्यांनी तिला 'सोरास' असं नावच देऊन टाकलंय.

प्रोमो वाचण्याची रीत

प्रोमो खोटं बोलत नाही, तो जोडणी करतो. एका प्रसंगातली थप्पड आणि दुसऱ्या प्रसंगातला रडवेला चेहरा शेजारी ठेवले की आपण आपोआप गोष्ट तयार करतो. म्हणून प्रोमो एकदा आवाज बंद करून पाहा आणि दर शॉटला थांबवा. साडी, कानातलं, केसांची ठेवण, मागची भिंत आणि उजेड दिवसाचा की रात्रीचा, या पाच गोष्टी जुळवा. बोलणारीच्या समोर जी उभी आहे असं वाटतं, तिच्या मागची भिंत वेगळ्या खोलीची असेल, तर ते संवाद तिला उद्देशून नाहीत. संवाद चालू असताना बोलणाऱ्याचे ओठ दिसत नसतील तर तो आवाज दुसरीकडून आणून बसवलेला असू शकतो. एवढं तपासूनच लिहा, आणि लिहिताना "प्रोमोत दिसतं की" अशी सुरुवात करा. "उद्या ती त्याला घराबाहेर काढणार" असं लिहू नका.

अंदाज मांडताना

चांगल्या अंदाजाला दोन-तीन भाग क्रमांकांचा आधार असतो आणि तो कशाने खोटा ठरेल हेही आधीच सांगितलेलं असतं. "पाकिटात मृत्युपत्र आहे. भाग १८८ मध्ये वकिलाने दुसरी प्रत घरात असल्याचं सांगितलं. पुढच्या दोन आठवड्यांत वकील परत आला नाही तर मी चुकलो." एवढं लिहिलं की समोरचाही पुराव्यानेच बोलतो.

फक्त हेतूवरून गुन्हेगार ठरवू नका. 'डॅलस'मध्येच २१ मार्च १९८० च्या भागात जे. आर. या मुख्य पात्रावर गोळी झाडली गेली आणि कोणी झाडली ते २१ नोव्हेंबरला कळलं. मधले आठ महिने लोकांनी तर्क लढवले, पण हेतू जवळजवळ प्रत्येक पात्राला होता, त्यामुळे नुसत्या हेतूने काहीच सिद्ध होत नव्हतं. निघाली त्याची मेहुणी क्रिस्टिन. संधी कोणाला होती, त्या वेळी कोण कुठे दिसलं होतं, हे हेतूच्या आधी विचारा.

स्पॉयलर

"स्पॉयलर कधीपर्यंत धरायचा?", म्हणजे भाग न पाहिलेल्याची मजा घालवणारी माहिती कधीपर्यंत झाकायची, याचं उत्तर गटाने आधीच लिहून ठेवावं. रोजच्या मालिकेला टीव्ही प्रसारणापासून २४ तास ही मुदत रास्त आहे. मोजायला सुरुवात टीव्हीच्या वेळेपासून करा, कारण काही ॲपवर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधी मिळतो आणि त्यांनी तेव्हाच बोलायला सुरुवात केली तर बाकीचे गट सोडून जातात. सगळे भाग एकदम येणाऱ्या वेब सिरीजला तास मोजण्यात अर्थ नाही. तिथे प्रत्येक भागाचा वेगळा धागा काढा आणि तिसऱ्या भागाच्या धाग्यात चौथ्याचा उल्लेख आला तर तो काढून टाका.

टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा, म्हणजे ||असं||, टाकल्या की तो झाकला जातो. रेडिटवर खूण वेगळी आहे: >!असं!<. व्हॉट्सॲपवर मेसेजची सुरुवात चॅटच्या यादीत आणि नोटिफिकेशनमध्येच वाचता येते, म्हणून तिथे पहिली ओळ "स्पॉयलर, भाग २१४" अशीच ठेवा आणि मजकूर वेगळ्या मेसेजमध्ये न टाकता त्याच मेसेजमध्ये खाली लिहा. वेगळा टाकलात तर यादीत तोच वर येतो. सगळ्यात जास्त घात फोटो करतात: मजकूर झाकलेला असतो आणि खाली लग्नाच्या मंडपातला स्क्रीनशॉट उघडा पडलेला असतो.

हा प्रश्न आजचा नाही. युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावर मालिकांचे चाहते जमायचे तेव्हाही ते शीर्षकाच्या सुरुवातीला मालिकेची आद्याक्षरं लिहीत आणि विषयांतर असेल तर 'टॅन' ही खूण जोडत, म्हणजे नको असलेलं न उघडताच सोडता येई. गटात आजही अशा तीन-चार खुणा पुरतात: सारांश, अंदाज, प्रोमो, अवांतर.

टीका कोणावर

खलनायिकेचा राग आला तर पात्राचं नाव घेऊन लिहा. कलाकाराला टॅग करून शिव्या देणं गटात पहिल्याच वेळी थांबवा. तिने ते पात्र लिहिलेलं नाही, आणि तुम्हाला राग येईल इतकं ते वठवलं हे तर तिचं काम चोख झाल्याचं लक्षण आहे.

लेखनावर बोलायचं तर श्रेयनामावली पाहा. मराठी मालिकांत कथा, पटकथा आणि संवाद ही श्रेयं अनेकदा वेगवेगळ्या नावांवर असतात. तोच वाद चार भाग फिरत राहिला तर दुखणं पटकथेत आहे. प्रसंग चांगला असून पात्रं भाषणासारखं बोलत असतील तर संवादात. पात्राचा स्वभावच एका रात्रीत उलटला असेल तर कथेच्या पातळीवर निर्णय बदललाय, आणि त्यात वाहिनीचाही वाटा असू शकतो. "लेखकाला अक्कल नाही" या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही.

टीआरपीवरून निष्कर्ष काढताना घाई नको. टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेचा आठवडा शनिवार ते शुक्रवार असतो आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. सोमवारी लागलेल्या भागाचा हिशेब दहा दिवसांनी दिसतो, तोही आठवड्याच्या सरासरीत मिसळलेला. शिवाय पुढचे काही भाग आधीच चित्रित झालेले असतात. म्हणून आज गटाने केलेल्या तक्रारीचा परिणाम परवाच्या भागात दिसला असं वाटलं, तर तो योगायोग समजा.

गट चालवणाऱ्यांसाठी थोडं

सारांश लिहिणारे किमान दोघं हवेत, कारण एकट्याने लिहिणारा माणूस काही महिन्यांत थकतो आणि तो थांबला की गटही थांबतो. नव्याने येणाऱ्यांसाठी "आतापर्यंतची गोष्ट" ३०० शब्दांत पिन करून ठेवा आणि दर महिन्याला ताजी करा. पूर्ण भागाच्या फाइली कोणी टाकल्या तर लगेच काढा. प्रताधिकाराच्या तक्रारीवरून गट बंद पडला तर वर्षभराच्या नोंदी त्याच्याबरोबर जातात. म्हणून सारांश आणि गुपितांची वही गटाच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्येही ठेवा.

मालिका अचानक गुंडाळणार अशी बातमी आली, की वहीतली न उलगडलेली गुपितं एका यादीत काढा आणि शेवटच्या आठवड्यात रोज त्यावर खुणा करत जा. शेवटचा भाग झाल्यावर ज्या ओळींवर खूण नाही त्या तशाच ठेवा, आणि प्रत्येकीसमोर ते गुपित शेवटचं कोणत्या भागात निघालं होतं तेवढं लिहा.