सोलापूर की मुंबई? एमबीबीएसची जागा मिळाल्यानंतरचे आठ दिवस

जुलै २०१९ मध्ये राज्य सीईटी कक्षाची पहिली निवड यादी लागली आणि माझ्या नावापुढे सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव आले. आमच्या घरापासून हे महाविद्यालय रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे. वडील पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आणि आई घरी विड्या वळणारी. त्या दोघांच्या लेखी प्रश्न त्याच संध्याकाळी सुटला होता. माझ्या लेखी तो तिथून सुरू झाला, कारण माझे गुण पाहता दुसऱ्या फेरीत मुंबईतील एखादे महाविद्यालय मिळण्याची बरीच शक्यता होती, आणि क्लासमधल्या सगळ्यांच्या मते, मुंबई मिळत असताना सोलापुरात थांबणे म्हणजे नीटचे गुण पाण्यात घालणे होते.

नीटची तयारी कशी करावी हे सांगणारे पावलोपावली भेटतात. हाती जागा आल्यानंतर ती ठेवावी की सोडावी, हे सांगायला मात्र मला कोणी भेटले नव्हते, म्हणून ते आठ दिवस जसे गेले तसे इथे लिहीत आहे.

आधी प्रक्रियेतील एक गोष्ट, कारण इथेच माझी मोठी चूक होता होता राहिली. पहिल्या फेरीत मिळालेल्या महाविद्यालयात मूळ कागदपत्रे देऊन आणि शुल्क भरून प्रवेश घेतला की दोन वाटा उरतात. मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरून पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायचे. तो अर्ज भरला नाही, तर बेटरमेंटसाठी तुमचा विचार होतो आणि पसंतीक्रमात वर लिहिलेले महाविद्यालय मिळाले की आधीची जागा आपोआप रद्द होते. त्या वेळी ‘नक्की जायचे आहे ना?’ असे कोणी विचारत नाही. मी पसंतीक्रम भरला होता तो सायबर कॅफेत बसून, आदल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने. म्हणजे ज्या महाविद्यालयाची इमारतही मी पाहिलेली नव्हती, तिथे जाण्याचा निर्णय त्या यादीने माझ्या नकळत घेऊन टाकला होता. यादी भरताना डावपेच लढवण्याची गरज नसते, कारण तुमच्या गुणवत्ता क्रमांकावर उपलब्ध असलेले सर्वांत वरचे महाविद्यालयच तुम्हाला मिळते. पण जिथे जायला खरोखर तयार आहात तेवढीच नावे, खऱ्या क्रमाने, त्यात असली पाहिजेत. फेऱ्यांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्या मावसभावाच्या आठवणीवर विसंबू नये.

आमच्या वेळी ७०:३० चा प्रादेशिक कोटाही होता, म्हणजे राज्य कोट्यातील ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० टक्के राज्यभरासाठी. तुळजापूर सोलापूरपासून ४५ किलोमीटरवर, पण ते मराठवाड्यात आणि आम्ही उर्वरित महाराष्ट्रात. त्यामुळे लातूर आणि अंबाजोगाई ही नकाशावर जवळची महाविद्यालये आम्हाला प्रवेशासाठी दूरची होती. सप्टेंबर २०२० मध्ये तो कोटा रद्द झाला, आणि २०२२ पासून धाराशिवलाही शासकीय महाविद्यालय सुरू झाले. सोलापूरच्या आजच्या विद्यार्थ्याची यादी त्यामुळे माझ्यापेक्षा लांब असेल, आणि निवडही अवघड.

घरात त्या आठवड्यात रोज बैठक भरत असे. मुलगी आहे, गावातच मिळाले आहे, मग अडचण काय, असे आत्याचे म्हणणे. शेजारचे निवृत्त शिक्षक मात्र माझ्या बाजूचे होते. सोलापुरात जन्मलेले आणि पुढे चीनमध्ये रुग्णसेवा करताना १९४२ मध्ये वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात शिकले होते, हा त्यांचा हुकमी मुद्दा. त्याला वडिलांनी दिलेले उत्तर मला अजून आठवते: ‘गुरुजी, तेव्हा सोलापुरात कॉलेज कुठे होते?’ ते खरेच आहे. आमचे महाविद्यालय १९६३ चे.

या बैठकांतून काही निघेना, तेव्हा मी वडिलांना म्हटले की दोन्ही ठिकाणे एकदा डोळ्यांनी पाहू. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला गेलो. आमच्या शाळेतील माझ्यापेक्षा चार वर्षे पुढची एक ताई तिथल्या एका महापालिका रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. तिने आम्हाला दिवसभर फिरवले. मी हरखून गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. हृदयविकार, मेंदूविकार, मूत्रविकार, प्रत्येकाचा स्वतंत्र विभाग. आम्ही ज्या आजारांची नावे पुस्तकात वाचणार, त्यांचे रुग्ण एका मजल्यावर ओळीने झोपलेले. ग्रंथालयात रात्री जागा मिळवायला रांग. ताईला मी विचारले की इथे काय कमी आहे. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘राउंडला सरांच्या मागे रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर असतात, त्यांच्या मागे इंटर्न आणि त्यांच्या मागे आम्ही. चौथ्या रांगेतून रुग्णाचे पाय दिसतात.’ अतिविशेषोपचार शिकणारे डॉक्टर जिथे मोठ्या संख्येने असतात, तिथे अवघड प्रक्रिया त्यांच्याकडे जातात, सोप्या रेसिडेंटकडे, आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला बघणे येते, असे तिचे सांगणे होते. पण त्याच दमात तिने हेही सांगितले की खोलीतल्या दोघी मैत्रिणी इतक्या हुशार आहेत की त्यांच्यासोबत राहूनच आपला अभ्यास दुप्पट झाला. पुढे या दोन्ही गोष्टी मला तंतोतंत पटल्या.

परत आल्यावर सोमवारी सकाळी मी एकटीच आमच्या सिव्हिलमध्ये गेले. श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे त्याचे पूर्ण नाव, पण सोलापुरात त्याला सिव्हिलच म्हणतात. जन्मापासून माहीत असलेले ठिकाण; आजीचा पाय मोडला तेव्हा तिथेच चार रात्री काढलेल्या. त्या दिवशी मात्र मी नातेवाईक म्हणून न बसता ओपीडीच्या बाकावर नुसती ऐकत बसले. अक्कलकोटकडचे एक आजोबा कन्नडमधून छातीतली कळ सांगत होते आणि समोरचा इंटर्न, बहुधा विदर्भातला, वॉर्डबॉयकडे पाहत होता. पूर्व भागातली एक बाई तेलुगूत बोलत होती. विजयपूर आणि कलबुर्गीकडून आलेले लोक, तुळजापूरकडचे शेतकरी, दख्खनी उर्दू बोलणाऱ्या बायका. आमच्या घरी तेलुगू बोलतात, आणि गल्लीतल्या मैत्रिणींमुळे कन्नड मला कामापुरती समजते. ‘एक्कड नोप्पि?’ आणि ‘एल्लि नोवु?’ या दोन प्रश्नांत, म्हणजे ‘कुठे दुखते?’ एवढ्यात, निम्मी केस असते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण इथला रुग्ण माझ्याशी सरळ बोलू शकेल, हे त्या बाकावर बसून कळले. मुंबईत हा माझा गुण कोणाच्या लक्षातही आला नसता.

दुपारी लेबर रूमच्या बाहेर दोन इंटर्न भेटल्या. महाविद्यालय चांगले आहे का, असे मी त्यांना विचारले नाही, कारण त्याचे उत्तर सगळीकडे एकच मिळते. रात्रपाळीत तुम्ही स्वतः काय काय करता, एवढेच विचारले. वरिष्ठ शेजारी उभ्या असताना प्रसूती करणे, टाके घालणे, कॅथेटर बसवणे, लहान बाळाची शीर शोधणे, असे त्यांनी एका दमात सांगितले. एकीने स्वतः केलेल्या प्रसूतींचा आकडाही सांगितला. मुंबईच्या ताईने सांगितलेल्या आकड्याच्या तो कितीतरी पुढे होता. हे दोनच व्यक्तींचे अनुभव होते आणि त्यावरून दोन शहरांचा निवाडा करता येत नाही, हे मला आज कळते. तरीही महाविद्यालय निवडणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न हाच, असे माझे मत अजून कायम आहे.

दुसरा प्रश्न पहिल्या वर्षाचा. डिसेक्शनच्या, म्हणजे शवविच्छेदन शिकण्याच्या, टेबलाभोवती किती विद्यार्थी असतात? मुंबई-पुण्याच्या जुन्या शासकीय महाविद्यालयांत वर्षाला २५० जागा आहेत, सोलापूरला २००, धाराशिवला १००. जागा कमी म्हणजे शिक्षण चांगले असे मुळीच नाही, कारण नव्या महाविद्यालयात रुग्णालय आणि अध्यापकवर्ग जम बसवत असतात. म्हणून टेबलाभोवतीची संख्या आणि विभागात प्रत्यक्ष शिकवणारे किती, हे दोन्ही एकत्रच विचारावे.

पैशांचे थोडक्यात सांगते. खासगी महाविद्यालयाचा विचार आम्ही केलाच नाही. त्यांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, अभिमत विद्यापीठे त्या चौकटीबाहेर आहेत, आणि अभिमत विद्यापीठांचा वर्षाचा आकडा वीस लाखांच्या घरात जातो. शासकीय आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत शिकलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित, म्हणजे लिहून दिलेल्या कराराने बांधलेली, सरकारी सेवा करावी लागते; आमच्या तुकडीसाठी ती न केल्यास दहा लाख रुपये भरण्याची अट होती. मुलींसाठी एक चांगला बदल असा की २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतील विद्यार्थिनींना शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. शुल्क माफ झाले तरी मेस, प्रवास आणि पुस्तके माफ होत नाहीत. त्या खर्चाचा हिशोब वडिलांनी मुंबईहून परतताना गाडीतच तिकिटाच्या मागे लिहिला होता आणि मला दाखवला नव्हता. तो मला पुढे आईने दाखवला.

अखिल भारतीय कोट्यातून, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीमार्फत (एमसीसी) भरल्या जाणाऱ्या १५ टक्के जागांतून, परराज्यात जाणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी. पदव्युत्तर प्रवेशात राज्य कोट्यासाठी एमबीबीएस कोणत्या राज्यातून केले हे पाहिले जाते. केवळ रहिवासावर आधारित पदव्युत्तर आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरवले, त्याच वेळी संस्थेनुसार मर्यादित प्राधान्याला मुभा ठेवली. आपण कुठे शिकतो याला त्यामुळे पुढेही किंमत आहे. बारावीच्या वयात हे कोणाच्या डोक्यात नसते.

शेवटच्या दिवशी मी रिटेन्शनचा अर्ज भरला आणि सोलापूरला राहिले. तो निर्णय बरोबर होता, असे मी आज सरसकट म्हणणार नाही. पहिले वर्ष मी घरून ये-जा केली, ही मात्र सरळ चूक होती. २०१९ ची आमची तुकडी नव्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची पहिली, त्यामुळे वरिष्ठांच्या वह्याही पूर्णपणे उपयोगी पडत नव्हत्या. बाकीच्या मुली वसतिगृहात रात्री एकत्र बसून मार्ग काढत होत्या, आणि मी मात्र सात वाजता घरी जेवायला पोहोचत होते. पाहुणे आले की चहाला मी, बिलाच्या रांगेत मी, आजीला दवाखान्यात नेणारीही मीच. मार्च २०२० नंतर तर सगळेच घरी बसलो आणि वर्ग मोबाइलवर आले. पुन्हा महाविद्यालय सुरू झाल्यावर आईशी भांडून मी वसतिगृहात राहायला गेले. शहर एकच, घर पंधरा मिनिटांवर, तरी गेले. घरच्या गावातले महाविद्यालय निवडणाऱ्याने, विशेषतः मुलींनी, ही बोलणी प्रवेशाच्या दिवशीच घरी करून घ्यावीत. नंतर ती अवघड होतात.

मुंबईला गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीशी तुलना करते तेव्हा दिसते की दुर्मीळ आजार तिने पाहिले, मी ते वाचले. शोधनिबंध, परिषदा, देशभरातून आलेले सहाध्यायी, हे तिला सहज मिळाले आणि मला ते शोधावे लागले. उलट इंटर्नशिप संपेपर्यंत माझा हात ज्या कामांना सरावला, ती कामे तिला पुढे शिकावी लागली. सध्या मी अक्कलकोट तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राचे वर्ष करते आहे. इथे सकाळच्या ओपीडीत निम्मे लोक कन्नड बोलतात, आणि मला वॉर्डबॉयकडे पाहावे लागत नाही.

नीट पीजीचा अभ्यास रात्री चालतो. गेल्या आठवड्यात पसंतीक्रमाची कच्ची यादी केली. या वेळी प्रत्येक विभागातील रेसिडेंटशी बोलून, रात्रपाळीत काय करता हे विचारून केली आहे, आणि तिच्यात पहिले नाव मुंबईचे आहे. वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी सिद्धेश्वरचे तिकीट किती झाले आहे, एवढेच विचारले.