पीएफ एकला ठेवायचा, एवढंच मला येत होतं

माझी दहावी खानापूरला मराठी शाळेत झाली, इलेक्ट्रिकल डिप्लोमा बेळगावात. मग चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये शिफ्टला लागलो. आता अल्टरनेटरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रांच्या, चाचण्या घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर त्यांची गणिती मॉडेलं बसवायचं काम करतो. गावाकडची डिप्लोमाची पोरं फोन करतात, ‘दादा, ह्या लाइनीत यायचं तर काय शिकायचं?’ दहा मिनिटांच्या फोनवर त्यांचंही समाधान होत नाही आणि माझंही. म्हणून लिहून ठेवतोय.

सिंक्रोनस मशीनला पुस्तकी मराठीत तुल्यकालिक यंत्र म्हणतात. हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे तो अल्टरनेटर, नाहीतर नुसता ‘सेट’. बेळगाव जिल्ह्यात वीसहून जास्त साखर कारखाने आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज होते. शिकायचं यंत्र असं घरापासून तासाभरावर फिरत असतं. नसतो तो त्याच्याकडे बघायचा डोळा, आणि तो मला कसा मिळाला ते आधी सांगतो, कारण त्यात माझीच चूक आहे.

आमचा सेट १५ मेगावॅटचा. १८.७५ एमव्हीए, ०.८ पीएफ (पॉवर फॅक्टर), ११ केव्ही, १५०० आरपीएम. पॅनलवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पहिल्याच रात्री मामांनी सगळा अभ्यासक्रम सांगून टाकला, ‘पीएफ एकला ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस. झोप आली तर तोंड धू.’ म्हणजे पॉवर फॅक्टर १ वर ठेव. यात मामांचं फारसं चुकत नव्हतं. विकलेल्या युनिटचे पैसे मिळतात, केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवर) ढकलून आमच्या पदरात काही पडत नव्हतं. शिवाय पीएफ एकला असला की स्टेटरचा (स्थिर वाइंडिंगचा) करंट सर्वांत कमी, वाइंडिंग थंड.

जानेवारीतली रात्र, गाळप जोरात. पंपांचा थ्री फेज बंद झाला की आमच्याकडे ग्रिडचं व्होल्टेज चढायचं. बसबारवर ११.८ केव्ही दिसायला लागले. व्होल्टेज आपोआप सांभाळणारा एव्हीआर कुणीतरी मॅन्युअलवर टाकून गेलेला. व्होल्टेज जास्त आहे ना, मग फील्ड (रोटरच्या चुंबकाला दिलेला करंट) कमी करायची, असा मी सरळ विचार केला. थोडी कमी केली. व्होल्टेज जागचं हललं नाही. आणखी कमी केली. पीएफचा काटा लीडकडे गेला, अँपिअर ७३५ वरून ८०० च्या पुढे चढले. फील्ड उतरवतोय आणि करंट वाढतोय, हे मला विचित्रसुद्धा वाटलं नाही. मग मेगावॅटचा काटा डुलायला लागला, आणि फील्ड फेल्युअर रिलेने सेट पाडला.

मिल थांबली, अंधार झाला, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. यार्डातला एक ट्रॅक्टरवाला दारात येऊन ‘येनात्री सर?’ (काय झालं सर?) विचारत राहिला. मला मराठीतही सांगता आलं नसतं, कन्नडमध्ये कुठून सांगणार? सकाळी रिपोर्टमध्ये ‘एव्हीआर कार्ड सदोष’ असं लिहिलं गेलं. कार्ड बदललं. दहा दिवसांनी दुसऱ्या शिफ्टला तोच ट्रिप, तसाच.

त्या सुट्टीत घरी डिप्लोमाचं जर्नल चाळताना सिंक्रोनस मोटरचा व्ही कर्व दिसला. लॅबमधली तीन एचपीची मोटर, लोड तेवढाच ठेवून फील्ड बदलायची आणि आर्मेचरचा, म्हणजे स्टेटरचा, करंट लिहायचा. ग्राफ मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवला होता, हेही आठवलं. कर्वच्या डाव्या हातावर फील्ड कमी केली की करंट वाढतो. त्या रात्री मी त्याच डाव्या हातावर उभा होतो, फक्त तीन एचपीऐवजी पंधरा मेगावॅट घेऊन. फरक एवढाच की अंडर-एक्सायटेड (फील्ड कमी पडलेली) मोटर लॅग दाखवते आणि अंडर-एक्सायटेड जनरेटर लीड. दोघंही ग्रिडकडून केव्हीएआर ओढत असतात.

मग कागद घेतला. नेमप्लेटच्या फाइलमध्ये एक्स-डी (सिंक्रोनस रिअॅक्टन्स) १.८ पर युनिट, म्हणजे सेटच्या रेटिंगच्या पटीत, दिलेला होता. पूर्ण लोड म्हणजे १५ भागिले १८.७५, ०.८ पर युनिट. ११ केव्हीला, सॅच्युरेशन आणि स्टेटरचा रेझिस्टन्स सोडून द्या. पीएफ ०.८ लॅग असेल तर आतली ईएमएफ २.५३ पर युनिट आणि लोड अँगल (ही ईएमएफ आणि टर्मिनलचं व्होल्टेज यांतला कोन) ३५ अंश. पीएफ एकला आणला की ईएमएफ १.७५, अँगल ५५. पीएफ ०.९५ लीड केला की ईएमएफ १.५३ आणि अँगल ७०. मेगावॅट तिन्ही वेळेला तेवढेच, पॅनलवर तो काटा हलतच नाही. मॅन्युअल एक्सायटेशनवर गोल रोटरच्या यंत्राला ९० अंश ही कड, तिच्यापुढे सेट ग्रिडच्या तालातून सुटतो, आणि ट्रान्सफॉर्मर अन् लाइनचा रिअॅक्टन्स धरला तर कड त्याहून अलीकडे येते. मामांचा ‘एक’ म्हणजे कडेच्या दिशेने वीस अंश आधीच चालून जाणं होतं.

नवख्याने पहिलं काम हेच करावं असं मला वाटतं. आपल्या कारखान्यातल्या सेटची नेमप्लेट घ्या आणि हे तीन अँगल हाताने काढा. ही बेरीज एका संध्याकाळची आहे, आणि ती केल्यावर केपॅबिलिटी कर्व नावाचं, सेट कुठपर्यंत सुरक्षित चालेल ते दाखवणारं, जे चित्र पॅनलच्या दारावर चिकटवलेलं असतं ते पहिल्यांदा वाचता येतं. हिडकलसारख्या धरणाच्या वीजघरातला सेट मिळाला तर आकडे वेगळे येतील. तिथे रोटर उठावदार ध्रुवांचा, एक्स-डी साधारण १ च्या आसपास आणि एक्स-क्यू (ध्रुवांच्या मधल्या अक्षावरचा रिअॅक्टन्स) त्याहून बराच कमी, त्यामुळे या फरकातून येणाऱ्या रिलक्टन्स टॉर्कचा आधारही मिळतो.

आता चाचण्या. फाइलमधला १.८ हा आकडा खरा कशावरून? ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट या दोन चाचण्या आपण लॅबमध्ये मार्कांसाठी करतो, पण धंद्यातही सुरुवात त्यांच्यापासूनच होते. ब्रेकर उघडा, सेट पूर्ण वेगावर, फील्ड हळूहळू वाढवत व्होल्टेज लिहा. मग टर्मिनल शॉर्ट करून, पुन्हा शून्यापासून, करंट लिहा. समजा एअर गॅप लाइनवर (ओपन सर्किट कर्वचा सुरुवातीचा सरळ भाग तसाच पुढे वाढवून) ११ केव्हीला १२० अँपिअर फील्ड लागली आणि शॉर्टवर ९८४ अँपिअर, म्हणजे पूर्ण करंट यायला २१६ लागली, तर २१६ भागिले १२०, एक्स-डी १.८.

कागदावर दोन ओळी, साइटवर अर्धा दिवस. फील्ड चढवताना एखादा पॉइंट पुढे गेला तर मागे येऊ नका. हिस्टेरिसिसमुळे उतरतानाचा कर्व वेगळा असतो, आणि तुमचा ग्राफ दातेरी होईल. शॉर्टिंग लिंक पूर्ण करंट पेलणारी हवी, बोल्ट दोघांनी तपासलेले हवेत. आणि शॉर्ट चाचणीत एव्हीआर चुकूनही ऑटोवर राहू देऊ नका. त्याला टर्मिनलवर शून्य व्होल्टेज दिसतं, मग तो बिचारा व्होल्टेज आणायला पूर्ण फील्ड ओततो. मी हे होता होता वाचलेलं पाहिलंय. आजकालचे बरेच सेट ब्रशलेस, म्हणजे मेन फील्डचा करंट फिरत्या शाफ्टवर, मीटर लावायला जागाच नाही. मग एक्सायटरच्या फील्डचा करंट घ्यावा लागतो, गुणोत्तर अंदाजे मिळतं, आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहावं लागतं. हे न लिहिलेले रिपोर्ट मी खूप पाहिले.

मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स) आणि पोलरायझेशन इंडेक्स तुम्ही ऑफ सीझनला कराच, इंडेक्स म्हणजे दहा मिनिटांचं रीडिंग भागिले एका मिनिटाचं. त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

मला सर्वांत आवडणारी चाचणी लोड रिजेक्शनची. सेटवर थोडाच लोड ठेवायचा, समजा ३.७५ मेगावॅट, म्हणजे ०.२ पर युनिट, आणि जनरेटरचा ब्रेकर उघडायचा. रेकॉर्डरवर फ्रिक्वेन्सी चढताना दिसते. गव्हर्नर जागा व्हायच्या आतला, अगदी सुरुवातीचा उतार मोजायचा. सेकंदाला २ हर्ट्झ आला तर इनर्शिया कॉन्स्टंट एच म्हणजे ०.२ गुणिले ५० भागिले दोनदा २, म्हणजे २.५ सेकंद. टर्बाइन, गिअरबॉक्स, रोटर, सगळ्यांचा मिळून.

हा आकडा हातात आला की आयलंडिंग, म्हणजे ग्रिड तुटल्यावर सेटने एकट्याने कारखाना चालवणं, कळतं. ९ मेगावॅट बाहेर जात असताना ग्रिड गेली, तर ०.४८ पर युनिट पॉवर उरते आणि सेट सेकंदाला ४.८ हर्ट्झने पळतो. ओव्हरस्पीड ट्रिप साधारण ११० टक्क्यांवर, म्हणजे ५५ हर्ट्झला. गव्हर्नरकडे जेमतेम एक सेकंद आहे. ‘ग्रिड गेली की आमचा सेट टिकत नाही’ ही तक्रार निपाणीपासून रायबागपर्यंत कुठेही ऐका. एच आणि गव्हर्नरचा वेळ मोजून ठेवलेला कारखाना मात्र विरळा.

मॉडेलिंगची पोरांना भीती वाटते ती पार्क नावाच्या इंजिनिअरच्या समीकरणांमुळे. पार्कने १९२९ साली जे केलं त्याचं सार असं, की स्टेटरवर उभं राहून पाहिलं तर इंडक्टन्स रोटरबरोबर सतत बदलतात, रोटरवर बसून पाहिलं तर स्थिर दिसतात. ते मॅट्रिक्स पाठ करायच्या आधी स्विंग समीकरण (रोटरचा अँगल वेळेबरोबर कसा हलतो ते सांगणारं) घ्या, ऑक्टेव्ह हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या, आणि वीस-पंचवीस ओळींत आपलाच सेट एका मोठ्या ग्रिडला जोडून फॉल्ट देऊन पाहा. फॉल्ट किती वेळ ठेवला तर अँगल परत येतो आणि कधी येत नाही, हे समान क्षेत्रफळाच्या नियमाने हातानेही काढा आणि दोन्ही उत्तरं जुळवा. त्यानंतर फील्डचं समीकरण जोडा, मग एव्हीआर. पहिल्याच आठवड्यात महागड्या सॉफ्टवेअरमध्ये तयार मॉडेल उचलणाऱ्याला बटणं येतात, यंत्र येत नाही.

मोठी ग्रिड म्हणजे काय, याचं आपल्या भागातलं उदाहरण देतो. ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत दक्षिणेची ग्रिड बाकी देशाशी सिंक्रोनस जोडलेली नव्हती, मधे फक्त डीसी होतं. म्हणजे कर्नाटकातल्या निपाणीची फ्रिक्वेन्सी एक आणि वीसेक किलोमीटरवरच्या, महाराष्ट्रातल्या कागलची दुसरी. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दोन्हीकडचे रोटर एका तालावर आले. बाकीचे सीमेचे प्रश्न आहेत तिथेच आहेत.

रस्त्याचं थोडक्यात. डिप्लोमा झाला असेल तर डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची कर्नाटकातली प्रवेश परीक्षा) देऊन थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं; मी नोकरी सोडून बसलो, घरी दोन वर्षं कुणी नीट बोललं नाही. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) मशीन आणि पॉवर सिस्टीम स्टॅबिलिटीचे तास फुकट आहेत, इंग्रजी आधी अडतं, मग सवय होते. चाचण्यांसाठी आयईईई ११५ आणि आयईसी ६००३४-४ ही दोन स्टँडर्डं ओळखीची करून घ्या. आणि कन्नड शिका. फिटर, बॉयलरवाले, सबस्टेशनचे लोक रात्री अडीचला कन्नडमध्येच बोलतात, आणि ‘बर्री, कूड्री’ (या, बसा) म्हटल्यावर मिळणारी माहिती कुठल्या मॅन्युअलमध्ये नसते.

चाचणी करायला सेट कोण देणार, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. गाळप सुरू झाल्यावर कुणी देणार नाही. ऑक्टोबरच्या आसपास बॉयलर पेटवून सेटची ट्रायल घेतात, तेव्हा मिल चालू नसते आणि सेट तसाही ग्रिडबाहेर फिरत असतो. ओपन सर्किटचे दहा पॉइंट घ्यायला तेव्हा तासभर मागायचा. जनरल मॅनेजरकडे अर्ज करत बसू नका, शिफ्ट इंजिनिअरला चहाच्या वेळी विचारा, आणि ग्राफ पेपर बरोबर घेऊन जा.