पाळी बदलताना हाताशी एक वही
लेक नवी मुंबईत ॲडमिट होती. रात्री मी, सकाळी ठाण्याहून पनवेल लोकलने तिचे बाबा. अदलाबदलीच्या घाईत निम्मं सांगायचं राहून जायचं.

मग शंभर पानी वही घेतली, पेन दोरीने बांधून. (सुटं पेन टिकत नाही.) वेळ घालून लिहायचं: ताप किती, पाणी-दूध किती प्यायली, लघवी-शी, उलटी, डॉक्टर काय म्हणाले. मागच्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सुचतील तसे, रात्री दोनलासुद्धा. राउंडच्या वेळी ऐनवेळी काहीच आठवत नाही.

आजी-आजोबांना संध्याकाळी पानाचा फोटो पाठवा. तेच दहादा फोनवर सांगताना फार रडू येतं.

वही बघून औषध मात्र स्वतः देऊ नका, सिस्टरना विचारूनच.