पट्टी उलटी करून वाचा

नर्सिंगला आलं की डोकेदुखी, कंबरदुखी आणि पाळीची पोटदुखी ड्युटीबरोबरच येतात. बी.एस्सी.ला औषधशास्त्र सुरू होतं तिसऱ्या सत्रात, वॉर्डात मात्र पहिल्या वर्षापासून उभं राहावं लागतं. तोवर गोळ्यांची नावं तोंडपाठ झालेली असतात, आत काय आहे ते नाही.

कॉम्बिफ्लामच्या पट्टीमागे बघा: आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम. सकाळी कणकण वाटली म्हणून 650ची गोळी, दुपारी डोकं दुखलं म्हणून कॉम्बिफ्लाम, रात्री सर्दीची गोळी. बहुतेक वेळा तिन्हींत पॅरासिटामॉल निघतं. निरोगी प्रौढाला दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे 650च्या जास्तीत जास्त सहा. वजन 50 किलोच्या आत असेल (हॉस्टेलात अशा कितीतरी जणी सापडतील) तर त्याहून कमी. जास्त झालं तरी पहिल्या दिवशी फार तर मळमळतं, यकृताचं नुकसान मागाहून दिसतं. म्हणून त्रासाची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. उतारा, म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन, आठ तासांच्या आत मिळाला तर उत्तम.

पाळीसाठी सगळ्यांच्या पर्समध्ये मेफ्टाल स्पास. त्यात मेफेनॅमिक ॲसिड 250 आणि डायसायक्लोमिन 10 मिलिग्रॅम. कळ सुरू होताच, खाऊन घेतली तर उपयोग होतो. कळ आणणारं प्रोस्टाग्लँडिन शरीरात भरपूर तयार झाल्यावर घेतलेली गोळी मागेच धावते. मग गोळी लागू पडत नाही म्हणून वर डायक्लोफिनॅक घेतलं जातं. दोन्ही एकाच जातीची औषधं. आराम तेवढाच, पोटाची आग दुप्पट. डायसायक्लोमिनने तोंड कोरडं पडतं, झापड येते, अक्षरं धूसर दिसतात. अशा डोळ्यांनी नाईटला सिरिंजवरच्या रेषा वाचू नका. मेफेनॅमिकनंतर ताप, पुरळ आणि मानेत गाठी आल्या तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांकडे जा. 2023 मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिकच्या अशाच प्रतिक्रियेबद्दल सावध केलं होतं.

पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. दमा असेल तर आयबुप्रोफेनच्या आधी डॉक्टरांना विचारा. दिवसभर पाणी न पिता, उपाशी ड्युटी करून घेतलेली गोळी किडनीलाही जड जाते.

मैत्रिणीकडून खोलीवर डायक्लोफिनॅक टोचून घेणं तर नकोच. जागा जरा चुकली की पायाकडे जाणारी सायटिक नर्व्ह दुखावते, आणि ॲम्प्यूल वॉर्डातलं असेल तर स्टॉकचा हिशेब वेगळा.

डोकेदुखीच्या गोळीची खूण कॅलेंडरवर करा. साधी गोळी महिन्यात 15 दिवस, मिश्र (एकाहून जास्त औषधांची) गोळी 10 दिवस, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते.