परड्यातलं पक्कं खुराडं: वळवाआधीची तयारी

खानापूरकडच्या पावसात खुराडं टिकवायचं तर काम होळी झाली की काढावं, म्हणजे मृगाआधी हातावेगळं होतं. पहिल्यांदा माणसं वाटून घ्या. चिरे लावायला गवंडी लागेलच, पण पाया खणणं, जाळी ठोकणं घरच्यांना जमतं. कोब्यावर सात दिवस पाणी मारायचं काम पोरांकडं द्या, आणि मारलं की नाही ते हात लावून बघा.

मग माप. 12 गावठी कोंबड्यांना प्रत्येकी 3 चौरस फूट धरलं तर 8 बाय 5 फूट पुरतं. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची. दोन्ही टोकांना बंद भिंत, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत येत नाही आणि पश्चिमेची झड अडते. उत्तर-दक्षिणेला दीड फूट चिरा, वर जाळी. जोतं फूटभर उंच घ्या, आणि कोब्याला दाराकडं उतार ठेवायला गवंड्याला आधीच सांगा, नंतर तो ऐकत नाही.

खर्चात हात आखडायचा तर दारावर, रंगावर आखडा, जाळीवर नको. आमच्या पहिल्या खुराड्याला मी स्वस्तातली षटकोनी जाळी मारली होती. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही. एका रात्रीत चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, गेल्या. सकाळी जाळीला हाताच्या मुठीएवढं भगदाड आणि कडांना पिसं. अण्णा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हा अर्ध्या इंची वेल्ड जाळी घ्या, चौकटीवर लाकडी पट्टी ठेवून स्क्रूनं आवळा. कौलं घालणार असाल तर त्यांच्याखालीही हीच जाळी हवी, कारण वानरं कौलं सरकवतात आणि त्या फटीतून रानमांजर उतरतं. पत्रा स्वस्त पडतो, पण एप्रिलच्या दुपारी आत हात घालून बघा. दक्षिणेच्या वळचणीला छप्पर 3 फूट तरी पुढं काढा.

बसायला 8 फुटांची एक दांडी 12 जणींना होते. बांबू नको, त्याच्या पोकळीत बारीक किडे घर करतात. दोन इंची लाकडाच्या कडा तासून घ्या. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद असे तीन खण करा आणि ते दांडीपेक्षा खाली ठेवा. नाहीतर कोंबड्या खणातच झोपतात आणि रोज घाणेरडी अंडी धुवायची पाळी आईवर येते. भाताच्या तुसाची दोन पोती गिरणीवरून सुगीतच आणून कोरडी ठेवलेली असावीत. चुना, कडी-कोयंडा ही किरकोळ बाजू आहे. कडीला अडकवायला एक खिळा मात्र सुतळीनं बांधून ठेवा, कुत्रं नाकानं कडी उचलतं.

पिल्लं आणणार असाल तर मानमोडीच्या लसीचं जनावरांच्या दवाखान्यात आधीच विचारून ठेवा: लासोटा ही लस पिल्लं 5 ते 7 दिवसांची असताना, आरटूबी ही दुसरी आठव्या आठवड्यात. गिरीराज या सुधारित जातीच्या आणल्या तर त्या सहसा खुडूक बसत नाहीत, अंडी उबवायला एक-दोन गावठी सोबत असू द्या.

पहिला वळीव रिकाम्या खुराड्यावर पडू द्या. रात्री बॅटरी घेऊन आत जा, ओल जिथं दिसेल तिथं खडूनं खूण करा आणि पोत्याचा पडदा बांधायला तिथंच वर हूक मारून घ्या. कोंबड्या त्यानंतर.